स्टायलिस्टला दागिने देताना क्रेडिट आधी कसं पक्कं करायचं?

कुडीजोड
पुण्यात घरूनच काम करते. ९२.५ चांदीत आणि पितळेवर मुलामा देऊन ठुशी, चिंचपेटी, बुगड्या, कुड्या. साधारण ४० डिझाइन्स आहेत, दुकान नाही, विक्री इन्स्टाग्रामवर. मुंबईतल्या एका स्टायलिस्टच्या असिस्टंटचा मेसेज आलाय: मासिकाच्या शूटसाठी ६ नग पाठवा, चार दिवसांत परत, पैसे नाहीत पण क्रेडिट (फोटोसोबत माझं नाव छापणं) मिळेल. सोबत काय कागद करायचे? क्रेडिट खरंच मिळतं का? आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांपर्यंत पोहोचायचं कसं?

तारकशी
मेसेज असिस्टंटकडून येणं नेहमीचंच. दागिने गोळा करणं हे त्यांचंच काम. मुख्य स्टायलिस्ट टेबलावर मांडलेल्यातून निवडतो. त्यामुळे असिस्टंटला कमी लेखू नका, पुढे तेच स्वतंत्र कामं घेतात.

नग हातातून सुटण्याआधी सोर्सिंग लेटर (दागिने वापरायला घेतल्याचं पत्र) मागा. लेटरहेडवर शूटची तारीख, परतीची तारीख, कुणासाठी, हरवलं-तुटलं तर कोण भरणार हे हवं, आणि क्रेडिट जसं छापायचं तसं, अक्षर न् अक्षर. पत्राला टाळाटाळ झाली तर मासिकाच्या फॅशन विभागाला ईमेल करून विचारा. कुणाच्या खासगी समारंभासाठीचे दागिनेसुद्धा ‘एडिटोरियल’च्या (मासिकाच्या शूटच्या) नावाखाली मागितले जातात.

सहाचे सहा वापरले जातील असं धरू नका. एका लुकसाठी चार-पाच जणांकडून माल उचललेला असतो. एक नग छापून आला तरी पुष्कळ. क्लोज-अप नसेल तर बुगडी केसांत हरवते. ठुशी किंवा चिंचपेटी गळ्याशी असल्यामुळे अर्ध्या फोटोतही दिसते. पाठवताना हा विचार करा.

जीएसटी नोंदणी असेल तर विक्रीचं इन्व्हॉइस फाडू नका, डिलिव्हरी चलन (विक्रीशिवाय माल पाठवल्याचा कागद) करा. तीन प्रती, एचएसएन म्हणजे मालाचा कोड (चांदी ७११३, इमिटेशन ७११७), नग, वजन, किंमत, आणि ‘विक्री नाही, परतीच्या बोलीवर’ असा शेरा. किंमत खरी टाका. संकोचून कमी लावलीत तर भरपाईही तेवढीच मागता येईल. कुरियर ठरवताना नियम वाचा: बऱ्याच कंपन्या दागिने घेतच नाहीत, आणि ‘गिफ्ट आर्टिकल’ लिहून पाठवलं तर हरवल्यावर दावा बुडतो. मुंबईपुरतं बोलायचं तर माणूस पाठवून सही घेणं सगळ्यांत बरं.

ड्रेसदादा_दादर
कागद झाले, आता सेटवरचं बघा.

प्रत्येक नगाला दोऱ्याने छोटा नंबर टॅग, वेगळी झिप पिशवी, आणि मागची बाजू धरून फोटो. परत येताना सगळ्यांत जास्त हरवते ती कुडीमागची फिरकी. प्रत्येक पिशवीत एक जादा ठेवा आणि चलनावर ‘फिरकी २ + १’ असं मोजून लिहा. नथ दाबाचीच द्या, नाक टोचलेलं असेलच असं नाही. अंगठ्या मागेपुढे होणाऱ्या. ठुशीचा गोंडा लांब ठेवा, कारण ब्लाउजचा गळा कसा आहे ते तुम्हाला आधी कळत नाही.

मोती आणि रेशमी दोरा यांची दुश्मनी मेकअपशी आणि हेअर स्प्रेशी. फाउंडेशन दोऱ्यात मुरलं की निघत नाही, पुन्हा ओवून घ्यावं लागतं. तो खर्च कुणाचा हे पत्रातच यायला हवं. पातळ मुलाम्याचे नग घामाने लाल पडतात. शूटला तुमच्याकडचा जाड मुलाम्याचाच नग जाऊ द्या.

मालिकेचं गणित वेगळं. एकच प्रसंग तीन-चार दिवस चित्रित होतो, त्यामुळे कंटिन्युटीसाठी (प्रत्येक शॉटमध्ये तोच दागिना दिसावा म्हणून) नग अडकून राहतो आणि जोडीला हुबेहूब दुसरा मागतात. चार दिवसांच्या बोलीवर मालिकेला काही देऊच नका. घुंगरू आणि सैल लोंबणारे मणी कॉलर माइकवर वाजतात, साउंडवाला ते काढायला लावतो. पडद्यावर नाव येणं हा बहुतेक वेळा पैशांचा व्यवहार असतो. ‘श्रेयनामावलीत टाकू’ असं कुणी तोंडी सांगितलं तर ते धरू नका.

प्रूफवाचक
पुरवण्यांबद्दल. ‘आमचा ब्रँड’ ही बातमी नाही. संपादकाला विषय लागतो: गौरीचे दागिने, संक्रांतीला हलव्याच्या दागिन्यांची घडण, तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नसराईत चिंचपेटीचे नवे प्रकार. लोकसत्ताची ‘चतुरंग’ आणि ‘व्हिवा’ यांचा वाचक वेगळा, तेव्हा एकच मजकूर दोन्हीकडे ढकलू नका. सणाच्या आधी पाच-सहा आठवडे पाठवा. छापील मासिकाला दोन-तीन महिने आधी. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, सप्टेंबरात जाग येऊन उपयोग नाही.

ईमेलमध्ये १५० शब्द पुरेत. फोटो जोडू नका, ड्राइव्हची लिंक द्या, आणि ती परवानगी न मागता उघडते ना ते दुसऱ्या फोनवर तपासा. (निम्म्या लिंक इथेच मरतात.) प्रत्येक नगाचे दोन फोटो: पांढऱ्या पार्श्वभूमीवर एक, घातलेला एक, ३०० डीपीआय, लांब बाजू किमान २,००० पिक्सेल. फाइलच्या नावात नग, धातू, किंमत. व्हॉट्सअॅपवरून साधा पाठवलेला फोटो बहुतेकदा छापायच्या लायकीचा राहत नाही.

उत्तरात दरपत्रक आलं तर ती जाहिरात. घ्यायची तर घ्या, पण लेख समजून नको.

कुडीजोड
खूपच कामाचं. एक राहिलं. एका इन्फ्लुएन्सरला ठुशी फुकट हवी आहे, पोस्ट टाकेन म्हणते. आणि शूटचा फोटो मी माझ्या पानावर वापरू शकते का?

तारकशी
फुकट वस्तू हासुद्धा मोबदलाच. जानेवारी २०२३ मधल्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तिने पोस्टवर ते ठळक सांगायला हवं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, तेव्हा ‘टॅग नको, नैसर्गिक वाटू दे’ असं तुम्हीही म्हणू नका. द्यायचीच तर किती पोस्ट, कोणत्या तारखेपर्यंत, किती दिवस पानावर राहणार हे मेसेजमध्ये लिहून घ्या.

फोटोचा हक्क तुमचा नाही. मासिकाची किंवा छायाचित्रकाराची लेखी परवानगी घ्या, मासिक, छायाचित्रकार आणि स्टायलिस्ट या तिघांची नावं द्या, आणि ‘अमुक अभिनेत्रीची पसंती’ असलं काही लिहू नका; फक्त ‘अमुक अंकात आमची ठुशी’. आणखी एक, इन्स्टाग्रामचं हँडल बदलायचं असेल तर शूटच्या आधी बदला. नंतर बदललंत तर जुन्या कॅप्शनमधला टॅग तुमच्याकडे येईलच असं नाही.