मदत हवी आहे: आयसीडी / पेसमेकरमधल्या हालचालीच्या आलेखावरून रुग्णाचा घरचा व्यायाम कसा ओळखायचा?

कार्डिओ_फिजिओ

नमस्कार मंडळी. आयसीडी (धोकादायक ठोके शॉक देऊन थांबवणारं, छातीत बसवलेलं यंत्र) किंवा सीआरटी-डी (तेच, शिवाय हृदयाचे खालचे दोन्ही कप्पे एका वेळी आकुंचन पावावेत म्हणून पेसिंग करणारं) बसवलेल्या हार्ट फेल्युअरच्या (हृदय पुरेसं रक्त पंप करत नाही अशा) रुग्णांच्या रिमोट रिपोर्टमध्ये, म्हणजे यंत्राने घरून पाठवलेल्या अहवालात, रोजच्या हालचालीचा आलेख येतो, 'तास प्रतिदिन' अशा हिशोबात. पुनर्वसनाची सत्रं संपल्यावर रुग्ण घरी किती हिंडतो-फिरतो हे त्यावरून पाहायचं आहे. डायरीतले आकडे आठवणीवर अवलंबून असतात, डिव्हाइस मात्र चोवीस तास अंगातच असतं.

अडचण अशी की रोज ३० मिनिटं स्थिर सायकल चालवणाऱ्या रुग्णाचा आलेख जागचा हलत नाही. दुसऱ्या एकाचा जनरेटर (बॅटरी आणि सर्किटचा डबा) बदलला, कंपनीही बदलली, आणि रोजचे अडीच तास एकदम दीड तासावर आले. तब्येत मात्र तीच. मनगटावरच्या बँडची पावलं आणि हे तास यांचा मेळ बसत नाही, त्यासाठी काही गुणक आहे का? आणि शेवटचं, सर्वांत महत्त्वाचं: आलेख किती उतरला म्हणजे हृदयरोगतज्ज्ञांना कळवायचं?

डिव्हाइस_टेक

गुणक नाही, आणि तो शोधत बसू नका. डिव्हाइस पावलं मोजतच नाही. आतला ॲक्सेलरोमीटर (हालचाल टिपणारा सेन्सर) धडाच्या हालचालीचा सिग्नल देतो. दर मिनिटाला तो सिग्नल ठरलेल्या थ्रेशोल्डच्या (किमान पातळीच्या) वर गेला का, एवढंच पाहिलं जातं. गेला तर ते मिनिट 'सक्रिय', नाही तर नाही. दिवसभराची अशी मिनिटं जोडून तास होतात. मेडट्रॉनिकच्या डिव्हाइसमध्ये हा थ्रेशोल्ड साधारण मिनिटाला ७० पावलं चालण्याइतका धरलेला असतो. बोस्टन सायंटिफिकमध्ये तो २५ मिलीजी (गुरुत्वीय त्वरणाचे २५ हजारांश), म्हणजे ढोबळपणे ताशी ३.२ किलोमीटर चालणं. तुमच्या दुसऱ्या रुग्णाचं कोडं इथेच सुटतं. मोजपट्टी बदलली, माणूस तोच राहिला. जनरेटर बदलला की जुना आलेख तिथेच थांबवायचा आणि नवा सुरू करायचा. दोन्ही एकाच कागदावर जोडू नका.

यातून निघणारी दुसरी गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. पाय घासत, मिनिटाला ५० पावलं टाकत घरात अर्धा तास फिरणाऱ्या वृद्ध रुग्णाच्या खात्यात शून्य मिनिटं पडू शकतात. वॉकर ढकलणाऱ्याचं धड स्थिर राहतं, त्याचंही तेच. अशा रुग्णाचा ०.३ तास पाहून 'हे दिवसभर पडून असतात' असं लिहू नका. त्याच्यासाठी तो ०.३ खूप मोलाचा असू शकतो, आणि तो ०.१ झाला तर तीही बातमी आहे.

सिग्नल_प्रोसेसिंग

सायकलचं उत्तर सेन्सरच्या जागेत आहे. डिव्हाइस कॉलरबोनखाली, छातीच्या स्नायूवर. चालताना प्रत्येक टाच टेकते तेव्हा धड वर-खाली आणि पुढे-मागे हलतं आणि १ ते ४ हर्ट्झच्या पट्ट्यात भरपूर सिग्नल मिळतो. स्थिर सायकलवर पाय फिरतात, हँडल धरलेलं धड मात्र जवळजवळ निश्चल. हृदयावर भार पडतो, सेन्सरला तो दिसत नाही. वजन उचलणं, भिंतीला रेटा देणं, थेराबँड (ताणायचा रबरी पट्टा), सगळ्याची तीच गत. जिन्यात तर उलटंच होतं: चढताना श्रम जास्त आणि सिग्नल कमी, उतरताना पाऊल आदळतं म्हणून सिग्नल जास्त.

विरुद्ध बाजूची चूकही धरा. खडबडीत रस्त्यावरून वाहनातून जाताना बसल्या जागी मिनिटं जमा होऊ शकतात. जुन्या डिव्हाइसमध्ये कवचाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला पायझोइलेक्ट्रिक स्फटिक असे. तो दाबाला आणि कंपनाला इतका संवेदनशील की त्या कुशीवर झोपलं किंवा डिव्हाइसवर बोटानं टकटक केलं तरी प्रतिसाद द्यायचा. आताचा ॲक्सेलरोमीटर सर्किटवर बसवलेला असतो, त्यामुळे दाबाचा त्रास बराच कमी झाला. वाहनाचा पूर्ण गेलेला नाही. रोज लांबचा प्रवास करणाऱ्याच्या बाबतीत सुट्टीचे आणि कामाचे दिवस वेगळे काढून पाहा.

डिव्हाइस_टेक

सहमत. यात पॉकेटची, म्हणजे डिव्हाइस ठेवलेल्या कातडीखालच्या कप्प्याची, भर घालतो. सैल पॉकेटमध्ये डिव्हाइस फिरलं, उलटं झालं तर एकाच अक्षावर मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल बदलतो. आलेखात अचानक पायरी दिसली, तब्येतीत काही फरक नाही, आणि त्याच सुमारास लीडचा (डिव्हाइसपासून हृदयात जाणाऱ्या तारेचा) इम्पीडन्स (विद्युत अवरोध) किंवा पेसिंग थ्रेशोल्डही (ठोका पाडायला लागणारी किमान विद्युत ताकद) सरकला असेल, तर आधी छातीचा एक्स-रे सांगा. बोटांनी डिव्हाइस फिरवायची सवय असलेल्या रुग्णात लीड गुंडाळली जाऊन जागेवरून निघते. तिथे हालचालीचा आलेख हा सगळ्यात किरकोळ प्रश्न असतो.

नव्या इम्प्लांटनंतरचे पहिले चार ते सहा आठवडे बेसलाइनमध्ये धरू नका. हात खांद्याच्या वर न उचलण्याची सूचना असते, दुखतं, भीती असते. त्यानंतरच्या चार आठवड्यांची सरासरी ही त्या रुग्णाची खरी बेसलाइन. छापील कागदावर तारखेसह लिहून ठेवा, कारण आलेख कायमचा साठत नाही. मेडट्रॉनिकचा कार्डिॲक कंपास हा अहवाल सुमारे १४ महिन्यांचाच दाखवतो.

कार्डिओ_फिजिओ

खूप स्पष्ट झालं, धन्यवाद. एक उपप्रश्न: काही रुग्णांमध्ये रेट रिस्पॉन्स (हालचालीनुसार पेसिंगचा वेग वाढवणारी सोय) बंद आहे. तरी हालचाल नोंदली जाते का? आणि रेट रिस्पॉन्स चालू असलेल्या एका गटात रुग्ण म्हणतात, 'चाललो की दम लागतो, नाडी वाढत नाही'.

डिव्हाइस_टेक

कंपनीवर आहे. काहींमध्ये नोंद आपोआप होते. काहींमध्ये सेन्सरला 'ऑन', 'ऑफ' आणि 'पॅसिव्ह' असे पर्याय असतात. पॅसिव्हमध्ये सेन्सर फक्त नोंद ठेवतो, पेसिंगचा वेग बदलत नाही. आलेख सपाट शून्य असेल तर रुग्णाला दोष देण्याआधी क्लिनिकला विचारा की सेन्सर ऑफ तर नाही.

नाडी न वाढण्याबद्दल: प्रोग्रामर (डिव्हाइसची सेटिंग वाचणारं-बदलणारं यंत्र) जोडून कॉरिडॉरमध्ये चालवणं हाच सोपा उपाय. दोन-तीन मिनिटं नेहमीच्या चालीने, मग दोन मिनिटं झपाट्याने. नेहमीच्या चालीत सेन्सरचा वेग ९० ते १००च्या आसपास यायला हवा. ६५वरच अडकला तर आधी ॲक्टिव्हिटी थ्रेशोल्ड (किती हालचालीला वेग वाढू लागतो) एक पायरी खाली, मग रिस्पॉन्स फॅक्टर (वेग किती वाढतो) एक-दोन पायऱ्या वर. दोन्ही एकदम बदलू नका, कशाने फरक पडला ते कळणार नाही. वेग येतो पण उशिरा येतो अशी तक्रार असेल तर रिॲक्शन टाइम (वेग चढायला लागणारा वेळ) पाहा. बोस्टनमध्ये तो १० ते ५० सेकंद असतो, मूळ सेटिंग ३० सेकंद. थांबल्यावर लगेच गळून गेल्यासारखं वाटत असेल तर रिकव्हरी टाइम (वेग उतरायला लागणारा वेळ) वाढवतात. मायक्रा या तारेविना पेसमेकरमध्ये सेन्सर तीन अक्षांचा असतो आणि डिव्हाइस हृदयाच्या आतच असतं, म्हणून कुठला अक्ष वापरायचा हे चालवूनच ठरवावं लागतं. ही सगळी कामं डिव्हाइस क्लिनिकची. तुमच्याकडून त्यांना हवी असते ती नेमकी नोंद: कुठल्या व्यायामात, कितव्या मिनिटाला, नाडी किती.

एचएफ_क्लिनिक

कधी कळवायचं, यावर. एकट्या हालचालीच्या आलेखावर औषध बदलू नये. गुडघा दुखला, ताप आला, घरी पाहुणे आले तरी तो उतरतो. इतर आकड्यांबरोबर ठेवला तर मात्र तो फार कामाचा आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पार्टनर्स-एचएफ अभ्यासात ६९४ सीआरटी-डी रुग्ण होते. त्यातले निकष असे: आठवडाभर हालचालीची सरासरी रोज १ तासाहून कमी, सलग ७ दिवस रात्रीची नाडी ८५च्या वर किंवा हार्ट रेट व्हेरिएबिलिटी (ठोक्यांमधल्या अंतरातला चढउतार) ६० मिलिसेकंदांच्या खाली, सीआरटी पेसिंग ७ पैकी ५ दिवस ९० टक्क्यांहून कमी, शिवाय एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे अनियमित ठोके), शॉक आणि छातीतल्या इम्पीडन्सवरून काढलेला द्रव निर्देशांक. यातले कुठलेही दोन जुळले, किंवा द्रव निर्देशांक एकटाच फार वर गेला, तर पुढच्या महिन्यात हार्ट फेल्युअरसाठी भरती होण्याचा धोका साडेपाच पट निघाला. क्रम लक्षात घ्या: इम्पीडन्स उतरतोय, रात्रीची नाडी चढतेय आणि हालचाल घटतेय, हे तिन्ही एकाच पंधरवड्यात दिसलं की त्याच दिवशी फोन.

बोस्टनच्या हार्टलॉजिक या सूचना-प्रणालीत हे जोडकाम डिव्हाइसच करतं. त्यातला ॲक्सेलरोमीटर हालचालीबरोबर हृदयाचे पहिला आणि तिसरा हे ध्वनीही टिपतो. श्वसन, इम्पीडन्स, रात्रीची नाडी मिळून निर्देशांक १६च्या वर गेला की सूचना येते. मल्टीसेन्स अभ्यासात ७० टक्के घटना आधी पकडल्या गेल्या, मध्यक ३४ दिवस आधी.

हालचालीचं स्वतःचं वजन किती, हे २०१५च्या अल्टिट्यूड अभ्यासात दिसतं. ९८,४३७ रुग्णांमध्ये सर्वाधिक हालचाल असलेल्या एक पंचमांश रुग्णांपैकी ९०.५ टक्के चार वर्षांनी हयात होते, सर्वांत कमी हालचालीच्या एक पंचमांशापैकी ५० टक्के. यावरून जबरदस्तीने चालवलं तर आयुष्य वाढतं असं निघत नाही. आजारी माणूस कमीच हिंडतो.

फिजिओंसाठी कामचलाऊ नियम देतो, संशोधनाने ठरवलेला नाही. सात दिवसांची सरासरी रुग्णाच्या स्वतःच्या बेसलाइनहून एक तृतीयांश खाली गेली आणि आठवडाभर तिथेच राहिली, तर रुग्णाला फोन करा. ३ दिवसांत २ किलोहून जास्त वजन वाढलं का, झोपताना आधीपेक्षा जास्त उश्या लागतात का, घोट्यावर बोट दाबून खळगा राहतो का, गोळ्या चुकल्या का. एकाही प्रश्नाला होकार आला तर आमच्याकडे पाठवा. नुसता गुडघा दुखत असेल तर तुमच्याकडेच ठेवा.

कार्डिओ_फिजिओ

म्हणजे सायकलवाल्याच्या बाबतीत आलेख बाजूला ठेवून सत्राची वेळ, वॅट आणि बोर्ग स्केल (रुग्णाने स्वतः सांगितलेला श्रमाचा आकडा) लिहायचं, चालणाऱ्यांच्या बाबतीत स्वतःच्या बेसलाइनशी तुलना. घरी सायकलऐवजी मोकळं चालणं दिलं तर आलेख आपोआप उपयोगी ठरेल असं वाटतंय.

एचएफ_क्लिनिक

गुडघे आणि तोल ठीक असतील तर चालेल. आलेखासाठी व्यायाम बदलू नका, सायकल ज्याला सोसते त्याला सायकलच द्या. आणि आयसीडी असलेल्या प्रत्येकाच्या कार्डावर सर्वांत खालच्या व्हीटी झोनचा (नाडीच्या ज्या पट्ट्यात डिव्हाइस धोकादायक ठोके समजून उपचार सुरू करतं) वेग लिहून घ्या. व्यायामातली नाडी त्याच्या किमान १० ठोके खाली राहिली पाहिजे. झोन १५० पासून सुरू होत असेल तर १४० ही वरची मर्यादा. बीटा ब्लॉकरची (नाडी मंदावणारी) गोळी राहिली असेल त्या दिवशी साधा सायनस टॅकीकार्डियाही (श्रमाने वाढलेली नैसर्गिक नाडी) त्या झोनमध्ये शिरून नाहक शॉक बसू शकतो. म्हणून सत्राआधीचा पहिला प्रश्न गोळी घेतली का हाच.