मधुमेही न्यूरोपॅथीच्या वेदनांसाठी इलेक्ट्रोॲक्युपंक्चर : माहिती आणि अनुभव हवे आहेत

नमस्कार.

माझ्या वडिलांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह असून आता दोन्ही पावलांना न्यूरोपॅथी (मधुमेहामुळे नसांना होणारी इजा) झाली आहे. रात्री तळपायांची आग होते, मुंग्या येतात आणि पांघरुणाचा नुसता स्पर्शही बोटांना सहन होत नाही. त्याच पावलात खडा रुतून बसला तरी मात्र त्यांना पत्ता लागत नाही. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी दीर्घकाळ घेतल्याने बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि त्यानेही असाच त्रास होतो, म्हणून ते तपासले. ते पुरेसे आहे. प्रीगॅबालिन या नसांच्या वेदनांवरील औषधाने आग कमी होते, पण मात्रा वाढवली की गुंगी येऊन तोल जातो. ड्युलॉक्सेटिन या दुसऱ्या औषधाने मळमळ इतकी होऊ लागली की ते बंद करावे लागले.

त्यामुळे आता इलेक्ट्रोॲक्युपंक्चरचा विचार चालू आहे. यात बारीक सुया टोचून त्यांतून सौम्य वीजप्रवाह सोडतात आणि त्यामुळे शरीरातील एंडॉर्फिनसारखी वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, असे मानले जाते. कोरियात झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १२६ रुग्ण होते. आठ आठवड्यांत १६ वेळा उपचार घेणाऱ्यांच्या वेदना नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा अधिक कमी झाल्या. परंतु तुलनेसाठी दुसऱ्या गटाला खोट्या सुया टोचलेल्या नसल्याने यातला गुण सुयांचा किती आणि उपचार मिळतो आहे या दिलाशाचा किती, हे मला ठरवता येत नाही.

माझी खरी चिंता मात्र वेगळी आहे. जिथे संवेदनाच उरलेली नाही, तिथे प्रवाह जास्त झाला किंवा सुईच्या जागी जखम चिघळली, तर ते वडिलांना कळणार कसे? अशा रुग्णांत सुया पावलांऐवजी गुडघ्याखाली, पोटरीच्या भागात टोचतात का? ते रक्त पातळ करणारी गोळीही घेतात, त्यामुळे सुया टोचण्याआधी कोणती काळजी घ्यावी लागते? (पेसमेकर असलेल्यांनी हा उपचार टाळावा, असे वाचले, वडिलांना तो नाही.) शिवाय आराम पडलाच, तर तो उपचार थांबवल्यावर टिकतो की सुया चालूच ठेवाव्या लागतात?

ज्यांनी स्वतः किंवा घरातल्या कोणी हा उपचार घेतला आहे, त्यांनी फरक पडला नसेल तरी जरूर लिहावे. प्रीगॅबालिन चालू ठेवूनच उपचार घेतला की मात्रा कमी करता आली, हेही सांगावे. येथे कोणी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट असल्यास, संमती देण्याआधी उपचारकाला नेमके काय विचारावे, याचे मार्गदर्शन करावे, ही विनंती. औषधांतला कोणताही बदल आम्ही वडिलांच्या डॉक्टरांना विचारूनच करणार आहोत.