पोफळीच्या आगरातील गांडुळे: मूळची कोणती, बाहेरची कोणती?

आगरवाला, गुहागर

गुहागर तालुक्यात आमचे माड-पोफळीचे आगर आहे. खतासाठी विकत आणलेली गांडुळे वाफ्यात उत्तम वाढली असून शेण आणि पालापाचोळा ती भराभर संपवतात. तीच झाडांच्या आळ्यांत सोडावीत, म्हणजे जमीन भुसभुशीत होईल, असा सल्ला मला मिळाला आहे. परंतु पावसाळ्यात खाचरांच्या बांधांवर दिसणारी गांडुळे रंगाने आणि हालचालीने अगदी वेगळी आहेत. ही सारी एकाच जातीची आहेत काय, आणि बाहेरची सोडल्यास मूळच्यांना धोका पोचेल काय? शिवाय एका आळ्यात वीतभराहून लांब, जांभळट काळा, बुळबुळीत प्राणी निघाला. तोही गांडूळच असावा काय?

निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक, दापोली

आपल्या वाफ्यातील आणि बांधावरील गांडुळे निश्चितच वेगळ्या जातींची आहेत. खतासाठी विकल्या जाणाऱ्यांपैकी आयसेनिया फेटिडा ही जात मूळची युरोपातील, युड्रिलस युजेनिई पश्चिम आफ्रिकेतील, तर पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस आशियातीलच आहे. तिन्ही कुजणाऱ्या पदार्थांच्या थरात राहतात आणि खोल बिळे करीत नाहीत. म्हणून शेणखत व पाचोळा असेतोवर ती आळ्यात टिकतील, पण जांभ्याची उघडी माती उन्हाळ्यात तापली की मरतील. माती खाऊन ती खालीवर करण्याचे काम लॅम्पिटो मॉरिटीसारख्या जाती करतात, आणि त्या विकत आणाव्या लागत नाहीत. आळ्यांवर झावळ्यांचे आच्छादन ठेवून ओल टिकवली, तर त्यांची संख्या आपोआप वाढते.

ओळख पटवायची असेल, तर प्रौढ गांडुळाच्या पुढील भागावरचा फुगीर पट्टा भिंगाखाली पाहावा आणि तो कितव्या वलयावर आहे, हे तोंडाकडून मोजावे. आपल्या पाठ्यपुस्तकांतील फेरेटिमा पोस्थुमा (1972 मधील फेरमांडणीनंतर मेटाफायर पोस्थुमा) या जातीत तो 14 ते 16 या वलयांना सर्व बाजूंनी वेढतो आणि बहुतेक वलयांभोवती बारीक ताठ केसांचे कडे असते. लिनियसने 1758 मध्ये नाव दिलेल्या युरोपीय लुम्ब्रिकस टेरेस्ट्रिसमध्ये तो 32 ते 37 या वलयांवर खोगिरासारखा असतो आणि प्रत्येक वलयावर आठच केस असतात. त्यामुळे परदेशी पुस्तकातील चित्र घेऊन कोकणातले गांडूळ ओळखू गेल्यास हमखास घोटाळा होतो. भारतात गांडुळांच्या चारशेहून अधिक जाती आहेत, हे ध्यानात ठेवावे.

रोपवाटिकाधारक, कणकवली

माझ्या मते खताच्या वाफ्यापेक्षा रोपांच्या पिशव्यांकडे अधिक लक्ष द्यायला हवे. गांडूळ स्वतःहून वर्षाला जेमतेम काही मीटर पुढे सरकते. समुद्र ओलांडून ते जाते, ते माणसाने नेलेल्या मातीतून. पॉन्टोस्कोलेक्स कोरेथ्रुरस ही जात फ्रिट्झ म्युलर यांनी 1857 मध्ये ब्राझीलमधून नोंदवली आणि आज ती जगभरच्या उष्ण प्रदेशांत, पश्चिम घाटातही आढळते. तिला पिल्ले होण्यासाठी जोडीदार लागत नाही, म्हणून एका पिशवीतले एकच गांडूळ नवी वस्ती उभी करू शकते. ब्राझीलमध्ये मनाउसजवळ जंगल तोडून केलेल्या कुरणांत हिच्या विष्ठेने मातीचा वरचा थर घट्ट होऊन पाणी मुरेनासे झाले, हे मला फार गंभीर वाटते. फिकट अंग आणि शेपटीकडे आडव्या-तिरप्या रांगांत विखुरलेले केस ही तिची खूण.

उभयचरप्रेमी, सावंतवाडी

तो बुळबुळीत प्राणी बहुधा देवगांडूळ असावा. तो बेडकाच्या वर्गातला, उभयचर आहे. त्याला पाठीचा कणा, जबडे आणि दात असतात, डोळे मात्र जेमतेम दिसतात. आंबोलीहून गेगेनिओफिस डॅनिएली ही त्याची जात 2003 मध्ये विज्ञानाला नव्याने कळली. अंगावर चकचकीत खवले असते, तर तो वाळा साप ठरला असता. देवगांडूळ विषारी समजून मारले जाते, हे फार वाईट आहे. कृपया त्याला ओल्या मातीत परत सोडावे.

आगरवाला, गुहागर

आपणा सर्वांचे आभार. देवगांडूळ त्याच आळ्यात सोडले आहे. गांडुळे वाफ्यातच ठेवून केवळ चाळलेले खत झाडांना घातले, तर चालेल ना?

निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक, दापोली

जरूर चालेल. मात्र चाळणीतून गांडुळांचे बारीक अंडकोश (अंडी असलेल्या पिशव्या) खाली येतात, म्हणून खत सावलीत पसरून थोडे सुकू द्यावे आणि रानालगतच्या कडेला ते टाकू नये.