मदत हवी आहे: रेप्लिकेशनमध्ये (तोच अभ्यास इतरांनी पुन्हा करून पाहिल्यावर) न टिकलेला पेपर प्रबंधात कसा मांडू?

नमस्कार मंडळी,

एमए मानसशास्त्र, दुसरं वर्ष. प्रबंधाचा विषय: स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांचा आत्मसंयम. माझं दुसरं प्रकरण सगळं 'इगो डिप्लिशन'वर (संयम वापरला की तो संपत जातो, या कल्पनेवर) उभं आहे आणि तिथेच गाडी अडली आहे.

१९९८ चा मानसशास्त्रज्ञ बाऊमायस्टर यांचा या कल्पनेवरचा प्रयोग इथे अनेकांनी अभ्यासला असेल. खोलीभर ताज्या चॉकलेट कुकीजचा वास, आणि काहींना सांगितलं की तुम्ही फक्त मुळेच खायचे. नंतर दिलेल्या न सुटणाऱ्या कोड्यापुढे मुळेवाल्यांनी साधारण ८ मिनिटांत हात टेकले, कुकीजवाले १९ मिनिटांच्या आसपास टिकले. म्हणजे संयमाचा साठा असतो आणि तो वापरला की आटतो. सहभागी होते एकूण ६७!

२०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून, २,१०० हून जास्त जणांवर हीच कल्पना तपासली (सहभागींना दिलेलं काम वेगळं होतं, बाऊमायस्टर यांचा त्यावर आक्षेपही आहे). परिणाम जवळजवळ शून्य. २०२१ मध्ये ३६ प्रयोगशाळा, साडेतीन हजार लोक, तरी तेच.

गाईड मॅडम म्हणतात, "हजारो सायटेशन्स आहेत, तू हा पेपर कशाला काढतेस?" मला हे पटत नाही. सेरा-गार्सिया आणि नीझी यांच्या २०२१ च्या पेपरनुसार न टिकलेले अभ्यास टिकलेल्यांपेक्षा जास्त उद्धृत होतात, आणि रेप्लिकेशन फसल्यानंतर त्यांचा हवाला देणाऱ्यांपैकी जेमतेम १२ टक्के त्या अपयशाचा उल्लेख करतात. मीही सिनॉप्सिसमध्ये बाऊमायस्टर यांचा संदर्भ एका जुन्या प्रबंधातून उचलला होता, मूळ पेपर न वाचता. त्याचं फार वाईट वाटतंय.

अभ्यासिकेत एकेका मुलाशेजारी बसून प्रश्नावल्या भरून घेतल्यात. त्या आत्मसंयम हा स्वभावगुण म्हणून मोजतात, साठा आटणं नाही. मग माहिती तशीच ठेवून फक्त सैद्धांतिक चौकट बदलली तर चालेल का? की इगो डिप्लिशन ठेवून त्याखालीच २०१६ आणि २०२१ चे निकाल सविस्तर द्यावेत? व्हायव्हाला असं कुणी केलंय का, परीक्षकांनी काय विचारलं?

आणि मॅडमना न दुखावता हे कसं सांगू? त्यांनी माझ्यासाठी खूप वेळ दिलाय. पुढच्या सोमवारी प्रकरण द्यायचं आहे.