हॅरी पॉटर संपला, आता पुढं काय वाचू? जादूला नियम असलेली पुस्तकं सांगा

पुस्तकवेडी_सातारा:
नमस्कार सगळ्यांना. मी यंदा दहावीत आहे, बोर्डाचं वर्ष म्हणून घरात सगळ्यांचं लक्ष माझ्यावरच, पण रात्री जेवण झाल्यावरचा अर्धा तास मी भांडून मिळवलाय आणि त्यात मला फक्त गोष्टीचंच पुस्तक वाचायचंय. हॅरी पॉटरचे सातही भाग झाले, पहिला मराठीत वाचला 'हॅरी पॉटर आणि परीस', मग पुढचे इंग्लिशमधून कारण वाट बघवेना. आता रिकामं रिकामं वाटतंय.

मला कसली पुस्तकं हवीत ते नीट सांगते म्हणजे तुम्हाला सुचवायला सोपं जाईल. मला सगळ्यात जास्त आवडला तो तिसरा भाग, अझकाबानचा. मैत्रिणींना सातवा आवडतो, युद्ध आहे म्हणून. पण तिसऱ्यात तो खलनायक व्होल्डेमॉर्ट समोर येतच नाही आणि तरी सगळ्यात जास्त भीती तिथंच वाटते, कारण ते डिमेंटर माणसाच्या चांगल्या आठवणीच ओढून घेतात. त्यांना पळवायचा मंत्र नुसता पाठ असून चालत नाही, मंत्र म्हणताना मनात खरोखरची आनंदाची आठवण धरून ठेवावी लागते, आणि हॅरीकडं तशा आठवणी आहेतच किती? आईवडील तर तो एक वर्षाचा असताना गेले. म्हणजे जादू येण्यासाठी त्याला आतून काहीतरी द्यावं लागतं. आणि शेवटी वेळ मागं फिरवतात तेव्हा आधी जे जे घडलेलं असतं ते सगळं बरोब्बर जुळतं, कुठंही लेखिकेनं फसवलं असं वाटत नाही. तळ्यापलीकडं कोण उभं होतं ते कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून गच्चीवर जाऊन आले.

तर माझं म्हणणं असं की जादू फुकट मिळाली की गोष्टीतली मजा जाते. हिरोनं हात वर केला आणि वीज पडली, संपलं, असली पुस्तकं नकोत. जादूला नियम पाहिजेत, किंमत पाहिजे. अशी अजून कुठली आहेत? आणि आपल्याकडची, आपल्या मातीतली पण सांगा, सगळं लंडनमध्येच घडायला पाहिजे असं थोडीच आहे.

आयर्विनपूल:
मी सांगलीचा, अकरावी सायन्स. तुझं किंमतवालं म्हणणं शंभर टक्के पटलं म्हणून लिहितोय, नाहीतर मी इथं नुसतं वाचतो. डोळे झाकून 'द हॉबिट' घे. टॉल्किन ऑक्सफर्डला प्रोफेसर होते, उन्हाळ्यात परीक्षेचे पेपर तपासत बसलेले आणि एका मुलाच्या पेपरात कोरं पान निघालं तर त्यावर त्यांनी सहज एक वाक्य लिहून टाकलं की जमिनीतल्या बिळात एक हॉबिट राहत होता. हॉबिट म्हणजे काय ते त्यांना स्वतःला पण माहीत नव्हतं तेव्हा. त्यातून १९३७ ला हे पुस्तक आलं.

यातला हिरो बिल्बो पन्नास वर्षांचा आहे, बुटका, पोट सुटलेला, वेळेवर जेवण लागणारा. तलवारीत काही दम नाही त्याच्या. पण अंधाऱ्या गुहेत राहणाऱ्या गॉलम नावाच्या विचित्र प्राण्यासोबत कोड्यांचा खेळ खेळतो ते प्रकरण वाच, हरला तर गॉलम त्याला खाणार, आणि दोघं एकमेकांना कोडी घालत बसलेत. मला तर वाटतं आख्ख्या फँटसीत याच्याएवढं भारी प्रकरण नाही. आणि यातली खरी गंमत ऐक, १९३७ च्या पहिल्या आवृत्तीत गॉलम पैजेवर त्याची जादूची अंगठी द्यायला तयार असतो, बक्षीस म्हणून! नंतर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिताना टॉल्किनच्या लक्षात आलं की अंगठी एवढी भयानक आहे तर गॉलम ती अशी कशी देईल, म्हणून मग १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरणच बदललं. नियमाशी जुळवायला माणूस छापलेलं पुस्तक बदलतो, हे तुला आवडेल.

ते मोठं पुस्तक, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज', १९५४-५५ मध्ये तीन खंडात आलं. मराठीत 'स्वामी मुद्रिकांचा' नावानं मुग्धा कर्णिक यांचा अनुवाद आहे. सुरुवात हळू आहे हे आधीच सांगतो, नुसतं चालतायत, गाणी म्हणतायत, परत चालतायत, माझ्या दोन मित्रांनी तिथंच सोडलं. मोरियाच्या खाणीपर्यंत दम धर. त्यानंतर सोडवत नाही. अंगठी घातली की माणूस अदृश्य होतो पण दर वेळी थोडा थोडा तिचा होत जातो, ही आहे बघ किंमत. आणि माझ्या मते खरा हिरो सॅम आहे, अंगठी वाहून नेणारा फ्रोडो नाही, सॅम त्याचा सोबती, यावर कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

कराडचा_ओम:
टॉल्किन भारी असेल, पण दहावीच्या वर्षात एवढं जाडजूड कशाला सांगतोस दादा तिला. पर्सी जॅक्सन वाच ताई, मूळ मालिकेचे पाचच भाग आहेत आणि एकेक प्रकरण लहान आहे, अर्ध्या तासात बसतं. मी आठवीत आहे, मला वाचायचा लय कंटाळा होता, खरं सांगतो. अक्षरं इकडं तिकडं होतात माझी, वर्गात मोठ्यानं वाचायला सांगितलं की पोटात गोळा यायचा. पर्सीला पण तसंच होतं! आणि पुस्तकात त्याचं कारण असं दिलंय की त्याचा मेंदू मुळात प्राचीन ग्रीक वाचायला बनलाय, म्हणून इंग्लिश अक्षरं हलतात, आणि वर्गात त्याला स्वस्थ बसवत नाही ते लढाईत जीव वाचवायला उपयोगी पडतं. लेखक रिक रायर्डन यांच्या मुलाला हाच त्रास होता, त्याला झोपताना ग्रीक देवांच्या गोष्टी सांगायचे, त्या संपल्या मग त्यांनी स्वतःच पर्सी तयार केला. पहिला भाग २००५ चा. मला हे कळलं तेव्हा असं वाटलं की हे पुस्तक कुणीतरी माझ्यासाठीच लिहिलंय. तुम्ही म्हणता तसे नियम वगैरे मी नाही बघत, मला फक्त पुढं काय झालं ते हवं असतं, आणि पहिल्यांदाच एक आख्खं पुस्तक मी स्वतःहून पूर्ण केलं.

पुस्तकवेडी_सातारा:
ओम, तू लिहिलंस ते वाचून लगेच पर्सी जॅक्सन यादीत सगळ्यात वर टाकला. आणि नियम त्यात पण आहेतच की, देवाचा मुलगा असला तरी त्याला राक्षस शोधत येतात, म्हणजे ताकदीबरोबर धोका आलाच. आपल्या देवांवर असं काही आहे का कुणाला माहीत?

विश्रामबाग_वाचक:
आहे. रोशनी चोक्षी यांचं 'अरु शाह', २०१८ ला आलं, रायर्डन यांनीच पुढं आणलेल्या मालिकेत. पांडव मुलींच्या रूपानं परत जन्माला आलेत अशी कल्पना. वेग चांगला आहे, पण एक अडचण, ते अमेरिकेतल्या मुलांसाठी लिहिलंय त्यामुळं इंद्र कोण, अर्जुन कोण हे सगळं समजावून सांगत बसतात, आणि आपण तर ते आजीच्या मांडीवर बसून ऐकलेलं असतं. बारा तेरा वर्षाच्या मुलांना द्यावं. तुला थोडं लहान वाटेल.

वारणाकाठचा:
मी वाळवा तालुक्यातला, बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मघापासून वाचतोय, सगळे ऑक्सफर्ड आणि अमेरिका फिरून आले पण कुणाच्या तोंडी 'फकिरा' नाही, म्हणून लिहावंच लागलं. अण्णाभाऊ साठे आमच्या वाटेगावचे. दीड दिवस शाळा शिकलेला माणूस, लहानपणी घरच्यांबरोबर गावापासून मुंबईपर्यंत पायी चालत गेलेला, आणि त्यानं १९५९ ला ही कादंबरी दिली, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली.

यात जादू नाही हे मान्य. पण सुरुवातीलाच फकिराचा बाप राणोजी शेजारच्या शिगावच्या जत्रेतून जोगणी आणायला जातो, ती गावात आणली की गावाची भरभराट होते अशी श्रद्धा, आणि दुसऱ्या गावानं ती वेशीच्या आत अडवायची, वेस ओलांडली की मग हात लावायचा नाही असा नियम. नियम म्हणतेस ना तू, हा घे. राणोजी जोगणी घेऊन वेस पार करतो आणि तरीही नियम मोडून त्याला मारतात. ती दौड वाचताना माझे तळहात ओले झाले होते, आणि ज्या वाटेनं तो दौडतो तो मुलूख मी एसटीतून रोज बघतो. अंगठीच्या गोष्टीतला मोर्डोर देश कितीही भारी असला तरी तिथं आपण कधी गेलोय का? इथं पाऊस पडला की मातीचा वास पण ओळखीचा.

पुढं दुष्काळ पडतो, माणसं उपाशी मरायला लागतात आणि फकिरा धान्य लुटून आणतो, सरकारी खजिना फोडतो. पण गोऱ्या सरकारचे कायदे असे की आख्ख्या जमातीला गुन्हेगार ठरवून हजेरी लावलेली. तो पळून जाऊ शकत होता, पण त्याच्यापायी गावातल्या माणसांचे हाल होतात म्हणून शेवटी काय करतो ते तू वाच. किंमत म्हणजे काय ते हितं कळतं. फँटसीवाल्यांनी राग मानू नका, पण मला हे त्या अंगठीपेक्षा मोठं वाटतं.

आयर्विनपूल:
राग कशाला दादा, 'फकिरा' भारीच आहे. पण मोठं छोटं का करायचं? फ्रोडो पण शेवटी घरी येतो आणि त्याला तिथं राहवत नाही, जखम भरतच नाही. टॉल्किन स्वतः पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईत होते, जवळचे मित्र गमावले त्यांनी. त्यामुळं खोट्या देशातली गोष्ट असली तरी दुःख खोटं नाही. मला वाटतं ज्यानं अंगठी वाचली त्याला 'फकिरा' जास्त कळेल आणि उलटं पण.

वारणाकाठचा:
हे सोमचं माहीत नव्हतं. बरं वाटलं वाचून. आता हॉबिट बघतोच.

मिरजेची_सई:
एक नाव राहिलं, भा. रा. भागवत. फास्टर फेणे सगळ्यांना माहीत असतो, फुरसुंगीचा सायकलवाला, ट्टॉक करणारा, आणि तो मला आवडतोच कारण त्याच्याकडं ना पैसे ना ताकद, नुसतं डोकं आणि धावायचा वेग. पण त्यांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला ते आमच्या वयाच्या मुलांना माहीत नसतं. समुद्राखालून फिरणारी पाणबुडी आणि तिचा कॅप्टन नेमो, त्याला जगाचा एवढा राग का येतो ते पहिल्या पुस्तकात, 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी'मध्ये, सांगतच नाहीत. त्यासाठी 'द मिस्टीरियस आयलंड' वाचावं लागतं, १८७५ चं, आणि तिथं कळतं की नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, १८५७ च्या उठावात इंग्रजांविरुद्ध लढलेला, घरदार सगळं गमावलेला! एका फ्रेंच लेखकानं दीडशे वर्षांपूर्वी आपला माणूस हिरो केला आणि सिनेमात मात्र बहुतेक वेळा त्याला गोराच दाखवतात, याचा मला खरंच राग येतो. वारणाकाठचा दादा, तुम्हाला हा नेमो नक्की आवडेल, फकिराचा भाऊच आहे तो.

आणि साताऱ्याच्या ताई, तुझ्या जवळच भिलार आहे की. पाचगणीजवळचं पुस्तकांचं गाव, ४ मे २०१७ ला सुरू झालं, लोकांच्या घरात कपाटं ठेवलीत, कुठल्या घरात कथा, कुठं इतिहास, कुठं बालसाहित्य, आत जाऊन बसायचं आणि वाचायचं, कुणी हटकत नाही. आम्ही मे महिन्यात गेलो होतो, बाबा स्ट्रॉबेरीच्या मागं आणि मी पुस्तकांच्या. पुस्तकं तिथंच बसून वाचायची असतात, त्यामुळं सकाळी लवकर जा.

पुस्तकवेडी_सातारा:
नेमो भारतीय आहे हे वाचून मी किंचाळले, आई धावत आली. हे मला आजपर्यंत कुणी कसं सांगितलं नाही!! ठरलं, आता पर्सी, मग हॉबिट, परीक्षा झाली की नेमो. 'फकिरा' आजोबांच्या कपाटात आहे असं आत्ता कळलं, ते म्हणाले मीच वाचून दाखवतो, त्यामुळं तो रविवारी.

शेवटचं एक विचारते, नार्निया कुणी वाचलंय का? ते लहान मुलांचं आहे का? आणि सात भागांचा क्रम काय धरायचा, दुकानात मिळणाऱ्या सेटवर 'मॅजिशियन्स नेफ्यू' पहिलं आणि नेटवर लोक म्हणतात ते पहिलं वाचू नका.

विश्रामबाग_वाचक:
नको वाचूस पहिलं. 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' १९५० ला आलं, तेच आधी घे. 'मॅजिशियन्स नेफ्यू' १९५५ चं, गोष्टीतला काळ आधीचा आहे म्हणून नंतरच्या सेटमध्ये त्याला एक नंबर दिला. पण त्यात नार्निया कसं तयार झालं, बर्फातल्या जंगलात मधेच दिव्याचा खांब का आहे, कपाटातून वाट का निघते, सगळ्याची उत्तरं आहेत. प्रश्न पडायच्या आधीच उत्तर हातात मिळालं तर ल्यूसी कपाटातले कोट बाजूला सारत जाते आणि पायाखाली बर्फ लागतं त्या पानाचा काय उपयोग राहिला? माझ्या धाकट्या बहिणीला मी मुद्दाम १९५० वालं आधी दिलं, ती घरातलं प्रत्येक कपाट उघडून बघत होती.

लहान मुलांचं आहे, भाषा सोपी आहे, पण तुझा किंमतवाला नियम इथं सगळ्यात कडक आहे. एडमंड मिठाईच्या लोभानं भावाबहिणींना फितूर होतो, आणि त्या जगाचा जुना कायदा सांगतो की फितुराचा जीव चेटकिणीचा. अस्लान एवढा मोठा सिंह, सगळ्यांचा राजा, त्याला पण तो कायदा मोडता येत नाही. मग तो काय करतो हे मी नाही सांगत. सात भागातला शेवटचा मला पटला नाही, विशेषतः सुझनचं जे केलंय ते. तू तिथपर्यंत पोचलीस की इथं येऊन लिही, त्यावर मला कुणाशीतरी बोलायचंच आहे.