"आधी युद्धं थांबवा, मग हवामानाचं बघू": ऐकून कान किटले!

अस्वस्थ:
'रोखठोक' यांनी काल लिहिलंय की युक्रेन, गाझा, तैवान हे सगळं पेटलेलं असताना हवामान परिषदा भरवणं म्हणजे घर जळताना बागेला पाणी घालणं. एका ओळीत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून हा वेगळा धागा.

साहेब, ही दोन वेगळी दुखणी आहेत असं तुम्हाला कोणी सांगितलं? सप्टेंबर 2022 मध्ये रशियाहून जर्मनीला गॅस नेणाऱ्या नॉर्ड स्ट्रीमच्या वाहिन्या फुटल्या आणि बाल्टिक समुद्रातून कित्येक दिवस मिथेन, म्हणजे हवा तापवणारा वायू, उसळत राहिला. रशियाचा गॅस आटला तशी जर्मनीने बाजूला काढलेली कोळशाची वीजकेंद्रं पुन्हा चालू केली. 2024 मध्ये जगाने लष्करावर 2.7 लाख कोटी डॉलर खर्च केले, हा लष्करी खर्च मोजणाऱ्या स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेचा आकडा. त्याच वर्षी बाकूच्या हवामान परिषदेत विकसनशील देशांसाठी ठरले वर्षाला 300 अब्ज डॉलर, तेही 2035 पर्यंत गाठायचे! तुमचं ते 'आधी' या हिशोबाने कधीच संपत नाही. आणि लष्कराच्या धुराचं काय? क्योटोच्या हवामान कराराच्या वेळी परदेशी मोहिमांच्या इंधनाला हिशोबातून सूट दिली, पॅरिस करारात सगळं ऐच्छिक. मनात आलं तर सांगा, नाहीतर राहू द्या.

रोखठोक:
माझ्या नावाने धागा काढल्याबद्दल आभारी आहे. हवामान सोडून द्या असं मी कुठे म्हटलंय? क्रम सांगितला फक्त. युक्रेनने 1994 मध्ये बुडापेस्टला अण्वस्त्रं सोडायचं कबूल केलं, बदल्यात हातात सुरक्षेच्या हमीचा कागद पडला. त्या कागदाची किंमत 2014 ला रशियाने क्रिमिया घेतला तेव्हा कळली, 2022 ला पुन्हा कळली. ज्याच्या डोक्यावर ड्रोन घोंघावतंय त्याला सौर पॅनेलवर व्याख्यान देऊन दाखवा.

आणि जर्मनी तर माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. एप्रिल 2023 मध्ये धूर न सोडणाऱ्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद, कोळसा मात्र चालू. याला म्हणायचं हवामानप्रेम!

अस्वस्थ:
विषय अणुभट्ट्यांवर नेऊ नका.

रोखठोक:
का? अडचण होते?

त्रयस्थ:
'सुरक्षा आणि हवामान एकच' म्हणणाऱ्यांना डिसेंबर 2021 ची आठवण करून देतो. आयर्लंड आणि नायजर यांनी हाच विचार ठराव म्हणून सुरक्षा परिषदेत आणला. रशियाने नकाराधिकार वापरला, भारताने विरोधात मत दिलं, चीन तटस्थ राहिला. भारताचं बरोबरच होतं. हवामान कराराच्या बैठकीत पॅसिफिकमधल्या चिमुकल्या तुवालू बेटालाही अमेरिकेइतकीच खुर्ची असते. सुरक्षा परिषद म्हणजे नकाराधिकार असलेल्या पाच जणांचा दरबार. दीडशे वर्षं धूर सोडून जे मोठे झाले, त्यांनीच आता ठरवायचं कोण जगाला धोका आहे ते?

अस्वस्थ:
तुवालूच्या वतीने तुम्ही बोलू नका हो. हा विषय सुरक्षा परिषदेत न्या म्हणून मागे लागलेले देश पॅसिफिकमधलेच आहेत. 2018 च्या 'बो' या सुरक्षा जाहीरनाम्यात त्यांनी हवामान बदलालाच आपला सर्वांत मोठा धोका म्हटलंय. दरबाराबद्दलचं तुमचं म्हणणं, असो, अगदीच खोटं नाही.

दर्यावर्दी:
ठराव-बिराव माझा प्रांत नाही, मी मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममधला माणूस. नोव्हेंबर 2023 मध्ये येमेनच्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजं लक्ष्य करायला सुरुवात केली आणि आमची वाट सुएझ सोडून आफ्रिकेच्या टोकाला, केपला वळली. सिंगापूर ते रॉटरडॅम म्हणजे सुमारे साडेतीन हजार सागरी मैल जास्त. चार्टररला, म्हणजे जहाज भाड्याने घेणाऱ्याला, तारीख तीच हवी, म्हणून वरून हुकूम आला: आरपीएम (इंजिनाचे फेरे) वाढवा. वेग थोडासा वाढला तरी तेल भसाभस जातं. नून रिपोर्ट, म्हणजे रोज दुपारचा तेलाचा हिशोब, भरायला घेतला की चीफ इंजिनियर आकडा दोनदा विचारायचे. केपच्या खाली समुद्र खवळला की प्रोपेलर पाण्याबाहेर येतो, इंजिन एकदम रेस होतं, पायाखालची प्लेट थरथरते. त्यात कसलं युद्ध आणि कसलं हवामान, सगळं एकाच टाकीतून जातं.

आता गंमत बघा. जानेवारी 2024 पासून युरोपने जहाजांनाही कार्बन बाजारात, म्हणजे सोडलेल्या धुराचे परवाने विकत घ्यायच्या व्यवस्थेत, ओढलं. क्षेपणास्त्रामुळे लांबलेल्या फेरीच्या धुराचाही काही हिस्सा मालकाच्या बिलात. बाजूने जाणाऱ्या युद्धनौकेला मात्र माफी!

रोखठोक:
युद्धनौका नसत्या तर नून रिपोर्ट भरायला उरला असतात का?

दर्यावर्दी:
खुर्चीत बसून हे विचारणं सोपं आहे. मार्च 2024 मध्ये हूथींच्या हल्ल्यात 'ट्रू कॉन्फिडन्स' या मालवाहू जहाजावर तीन खलाशी गेले, तेव्हा त्या भागात युद्धनौका काय कमी होत्या? आमची पोरं मेली की तुमच्या चर्चेत एक ओळ वाढते, एवढंच. हां, उरलेल्यांना भारतीय नौदलाच्या आयएनएस कोलकाताने उचललं. ते मी कधीच नाकारणार नाही.

त्रयस्थ:
शब्द जपून, दोघांनीही. दर्यावर्दींचा मुद्दा कोणी पुढे नेत नाहीये. आंतरराष्ट्रीय जहाजांचं इंधन कुठल्याच देशाच्या बेरजेत धरत नाहीत, ते आयएमओकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या जहाज वाहतुकीच्या संघटनेकडे, ढकललेलं आहे. तिथे एप्रिल 2025 मध्ये धुरावर शुल्क लावायचा मसुदा मान्य झाला. ऑक्टोबरमध्ये पक्कं करायची वेळ आली तर अमेरिकेने दमदाटी केली आणि सगळं वर्षभर पुढे गेलं. पुन्हा तोच दरबार. म्हणून म्हणतो...

अस्वस्थ:
म्हणजे परराष्ट्र धोरणानेच हवामानाचा गळा धरला. मी पहिल्या पोस्टमध्ये दुसरं काय म्हणत होतो?

रोखठोक:
बरं बाबा, जिंकलात. मोजा युद्धनौकांचाही धूर. एक प्रत शत्रूलाही पाठवा. कोणत्या ताफ्याने किती तेल जाळलं हे कळलं की त्याला हेर ठेवायची गरज नाही.

दर्यावर्दी:
अख्ख्या नौदलाच्या वर्षाच्या बेरजेतून पाणबुडी सापडते होय? आमच्या जहाजाचा तर रोजचा हिशोब जातो.

रोखठोक:
वर्षाच्या बेरजेतून नाही सापडत. तेवढं दिलं तुम्हाला. पण अस्वस्थ, अणुभट्ट्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.