दहा टॅबवाल्यांचं तत्त्वज्ञान आणि आमचा पसारा

उघडझाप

परवा पाटीकोरी यांनी 'दहाच्या वर टॅब म्हणजे डोक्यातला पसारा' असा लेख टाकला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी सार: ज्याच्या ब्राउझरमध्ये दहापेक्षा जास्त टॅब उघडे, त्याच्या हातून एक काम धड होत नाही, रोज झोपण्यापूर्वी सगळे टॅब बंद करा, उद्या ज्याची आठवण येणार नाही ते महत्त्वाचं नव्हतंच. खाली 'डोळे उघडले', 'आजपासूनच सुरुवात' वगैरे प्रतिसादांची रांग. मीही तिथेच लिहायला बसलो, पण लांबत गेलं म्हणून वेगळा धागा.

आठवण येणार नाही म्हणूनच तर टॅब उघडा ठेवलाय ना भाऊ! सगळं आठवत असतं तर ब्राउझर कशाला हवा होता?

उदाहरण देतो. सध्या लिनक्सवर एक जुना प्रिंटर चालवायचा खटाटोप सुरू आहे. एका टॅबमध्ये ड्रायव्हरचं पान. दुसऱ्यात कुठल्याशा फोरमवर तेच मॉडेल, तीच एरर. तिसऱ्यात तिथे सुचवलेल्या कमांडचं मॅन्युअल. चौथ्यात 'ही कमांड नव्या व्हर्जनमध्ये चालत नाही' असं सांगणारा एक देवमाणूस. हे चार टॅब मिळून एक काम आहे. शिंप्याकडे अर्धवट शिवलेले कपडे टांगलेले असतात, त्याला कोणी पसारा म्हणत नाही. अशी चार-पाच कामं एकाच वेळी चालू असली की झाले वीस-पंचवीस टॅब. यात डोक्याचा काय संबंध?

दुसरा मुद्दा, 'रॅम खातात'. २००८ साली क्रोम आला तेव्हा त्याने टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये टाकले. एक पान कोसळलं तरी बाकीची शाबूत राहावीत म्हणून. त्याची किंमत मेमरीत मोजावी लागली हे खरं. पण आता क्रोममध्ये मेमरी सेव्हर आहे, एज न वापरलेले टॅब झोपवतं, आणि फायरफॉक्स पुन्हा चालू केल्यावर तुम्ही ज्या टॅबवर क्लिक कराल तेवढाच लोड होतो. बाकीचे म्हणजे नुसतं नाव आणि पत्ता.

आणि 'हिस्टरीत सापडेल की' म्हणणाऱ्यांनो, क्रोम हिस्टरी ९० दिवस ठेवतो. चार महिन्यांपूर्वीचं पान तिथे शोधून दाखवा.

पाटीकोरी

माझा लेख अर्धाच वाचलेला दिसतोय. उरलेला अर्धा कुठल्यातरी टॅबमध्ये असेल.

शिंपी कपडे शिवून देतो हो. गिऱ्हाईक येतं, घेऊन जातं, खुंटी मोकळी होते. तुमच्या खुंटीवरचं किती उतरलं? तुमच्या चार टॅबांबद्दल माझी काही तक्रार नाही. प्रिंटर चालू झाल्यावर ते बंद करता का, एवढंच विचारतोय. करत नसणार. प्रिंटर भंगारात जाईल, ते चार टॅब तुमच्यासोबत पुढच्या लॅपटॉपवर जातील.

आणि डोक्याचा संबंध कसा नाही? आमच्या एका सहकाऱ्याने मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर केली. टॅब इतके, की नावं सोडाच, चिन्हंसुद्धा दिसेनात. 'एक मिनिट हं, इथेच होता' म्हणत डावीकडून एकेक उघडत गेला. त्यात एकच शीट तीन ठिकाणी उघडलेली, आणि तिन्हींत हा वेगवेगळ्या ओळीवर. आम्ही आठ जण बघत बसलो. हा माणूस तल्लख आहे, पण त्या दिवशी बॉसच्या चेहऱ्यावर ते दिसत नव्हतं.

बुकमार्क नावाची एक सोय असते. अजून काढून टाकलेली नाही.

वाचनवेडी

बुकमार्क! तिथे गेलेलं कोणी परत आलंय का? माझ्याकडे 'नंतर वाचू' फोल्डर आहे, त्यात 'नंतर वाचू २', आणि त्यात 'महत्त्वाचं'. डोळ्यासमोर नसलेलं मी वाचत नाही, विषय संपला.

पॉकेट या 'नंतर वाचू'वाल्या ॲपवर विश्वास ठेवला होता. वर्षानुवर्षं लेख साठवले. जुलै २०२५ मध्ये मोझिलाने तेच बंद केलं. टॅब निदान मी बंद करेपर्यंत माझा असतो.

खुसपट

पॉकेट बंद करायच्या आधी एक्सपोर्टची सोय आणि मुदत दोन्ही दिली होती. केलं का एक्सपोर्ट?

वाचनवेडी

केलं. ती फाइल बुकमार्क फोल्डरशेजारीच सुखाने नांदते आहे. न उघडता. झालं समाधान?

जुनाखेळाडू

फायरफॉक्सने टॅब आणले असं समजणाऱ्या पिढीला दंडवत. आम्ही २००० साली ऑपेरात एका खिडकीत पंधरा पानं उघडून बसायचो, तेव्हा बाकीची जनता टास्कबारवर इंटरनेट एक्सप्लोररच्या खिडक्या मोजत होती. त्याला टॅब यायला २००६ उजाडलं.

खुसपट

ऑपेराही पहिलं नाही. १९९४ मध्ये इंटरनेटवर्क्स नावाच्या ब्राउझरमध्ये टॅब होते. आणि धाग्यात 'फायरफॉक्सने आणले' असं कोणी म्हणालेलंच नाही.

जुनाखेळाडू

तुमच्यासारख्यांमुळेच लोक लिहायचं सोडतात.

गोगलगाय

विषयाला थोडं सोडून आहे, पण कुठेतरी बोलल्याशिवाय राहवत नाही.

आमच्याकडे एक कॉम्प्युटर आणि वापरणारे तिघं. परवा मुलीच्या कॉलेजचा ऑनलाइन अर्ज भरत होते. तीन पानं भरून झाली. टक्केवारी, आसनक्रमांक, सगळं कागद समोर ठेवून. चौथ्या पानावर फोटो अपलोड करायचा होता. तो फोनमध्ये शोधायला आतल्या खोलीत गेले. परत येते तर स्क्रीनवर क्रिकेटचा स्कोअर, आणि बाजूला एकही टॅब नाही. 'स्लो चाललं होतं, साफ केलं' असं नवऱ्याकडून अभिमानाने सांगण्यात आलं.

बंद झालेला टॅब परत आणणारं कंट्रोल-शिफ्ट-टी मला माहीत आहे. दाबलं. पान आलं. पहिलं पान. कोरं.

तेव्हा पाटीकोरी, तुमचे लेख कोण वाचतं आणि त्याचे भोग कोण भोगतं, हेही एकदा लिहा.

हलवाहलव

ताई, अर्ज मध्येच सेव्ह करायचा असतो. 'सेव्ह ड्राफ्ट' असतं ना.

गोगलगाय

नव्हतं. आणि असतं तरी माझ्या कामाला हात लावण्याआधी विचारायचं असतं. तुम्ही कोणाची वही टेबलावर उघडी दिसली की पानं फाडता का?

हलवाहलव

मी त्या नवऱ्याच्या बाजूने बोलतो, कारण मीच तो नवरा आहे. म्हणजे तुमचा नाही, तसलाच. बायकोचे साठेक टॅब. त्यातल्या एकात व्हिडिओ आपोआप सुरू झालेला, कुठल्या ते कळत नाही, लहान मूल झोपलेलं. दुसऱ्यात 'तुम्ही अजून इथे आहात का' विचारणारं काहीतरी. पंखा विमानासारखा फिरतोय. अशा वेळी माणूस एकेका टॅबचा पंचनामा करणार का? विचारलं की उत्तर ठरलेलं: 'राहू दे, लागेल'. कधी लागेल ते सांगायची पद्धत नाही.

रातकिडा

ज्या टॅबमधून आवाज येतो त्याच्यावर स्पीकरचं चिन्ह येतं. हाताला एवढी घाई होती तर निदान तेवढाच बंद करायचा.

हलवाहलव

साठ टॅबांत चिन्ह दिसतं कुठे? वर पाटीकोरींनी तेच लिहिलंय.

वाचनवेडी

हलवाहलव, प्रश्न टॅबचा नाहीच. तुम्हाला 'लागेल' हे उत्तर वाटत नाही, एवढाच आहे. आमच्याकडे भाऊ असंच करायचा. स्वतःचे टॅब ठेवून बाकीचे उडवायचा. विचारलं तर 'काहीतरी कपड्यांचं होतं'. ते माझं प्रोजेक्ट होतं. टेक्स्टाइलचं.

हलवाहलव

बरं, मग आम्ही सगळे नालायक. मशीन बंद पडलं की दुरुस्तीला न्यायला मात्र आम्हीच.

गोगलगाय

नेऊ नका. मी नेते. आधी पासवर्ड बदलते.

संपादक

घरगुती भांडणं घरी. यापुढचे वैयक्तिक प्रतिसाद उडवले जातील.

उघडझाप

संपादक, राहू द्या की. मूळ विषयापेक्षा हा बरा चाललाय.

पण एक सांगतो. एकाच ब्राउझरमध्ये तिघं बसले तर हे होणारच. क्रोममध्ये प्रत्येकाची वेगळी प्रोफाइल करा. वर उजव्या कोपऱ्यात गोल चित्र असतं, तिथून. खिडकी वेगळी, बुकमार्क वेगळे, लॉगिनही वेगळं. कुलूप मात्र नाही हं. दुसऱ्याची प्रोफाइल कोणीही उघडू शकतो. खरंच आडकाठी हवी असेल तर विंडोजमध्येच वेगळा यूजर करा. गोगलगाय, तुमचा अर्ज मात्र कुठल्याच उपायाने परत आला नसता. बंद झालेला टॅब परत आणणं म्हणजे बहुतेक वेळा पत्ता परत आणणं, त्यात टाइप केलेलं राहीलच असं नाही.

पाटीकोरी

म्हणजे टॅबमध्ये ठेवलेलं काम सुरक्षित नसतं, हे तुमच्याच तोंडून आलं. मी वेगळं काय म्हणत होतो?

उघडझाप

तुम्ही स्वतःहून बंद करायला सांगत होता. कोणीतरी हात मारून नेला म्हणजे माझी वस्तू फालतू ठरत नाही.

रातकिडा

टॅब झोपवायला एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, टाकणाऱ्यांसाठी जाता जाता. 'द ग्रेट सस्पेंडर' आठवतंय? भलतं लोकप्रिय. मूळ माणसाने २०२० मध्ये दुसऱ्याच्या हातात दिलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते मालवेअर म्हणून बंद पाडलं. लोकांचे झोपवलेले टॅब एका झटक्यात गायब. मूळ पत्ते हिस्टरीत त्या एक्स्टेन्शनच्या लांबलचक पत्त्याच्या शेपटाला होते, तिथून एकेक उपसावे लागले. सगळ्या साइटवरचं वाचायची परवानगी मागणारं काहीही टाकण्याआधी विचार करा. ब्राउझरमध्येच आता ती सोय आहे.

खुसपट

सोय आहे, आज आहे. फायरफॉक्सने २०११ मध्ये टॅबचे गट दिले, २०१६ मध्ये काढले, आणि २०२५ मध्ये नवीन शोध लावल्यासारखे परत आणले. मधली नऊ वर्षं ज्यांनी गट करून ठेवले होते त्यांनी काय करायचं होतं?

जुनाखेळाडू

ऑपेरा.

आडवाउभा

कोणीच मूळ दुखणं बोलत नाहीये. स्क्रीन रुंद आहेत आणि टॅबची पट्टी आडवी! उभी जागा आधीच कमी, त्यातली वरची पट्टी टॅबना, आणि दोन्ही कडांना नुसतं पांढरं. एजमध्ये २०२१ पासून आणि फायरफॉक्समध्ये २०२५ पासून टॅब डावीकडे उभे लावता येतात. चाळीस टॅबांची नावं पूर्ण वाचता येतात. पसारा वगैरे काही नसतं, पट्टी चुकीच्या दिशेला असते.

पाटीकोरी

छान. आता पसाऱ्याची यादी वाचता येईल.

शेंडेफळ

फोनवर क्रोममध्ये टॅबच्या आकड्याऐवजी हसरा चेहरा दिसतोय. व्हायरस आहे का?

रातकिडा

नाही. शंभरी गाठलीत, त्याचं कौतुक आहे. ९९ च्या पुढे अँड्रॉइडवर आकडा दाखवत नाही. आयफोनवर सफारी ५०० वर थांबवते, तिथे हसतही नाही.

शेंडेफळ

मी तर सात-आठच उघडलेत!

रातकिडा

शोधातून आलेली प्रत्येक लिंक नवीन टॅबमध्ये उघडत गेलात, परत मागे आलात, तो टॅब तिथेच राहिला. आणि ज्या साइट दर क्लिकला स्वतःहून नवा टॅब उघडतात त्यांच्याबद्दल मी बोलायला लागलो तर संपादक माझाही प्रतिसाद उडवतील. कुठे उघडायचं ते मी ठरवेन ना! लिंक नव्या टॅबमध्ये उघडणारं मधलं बटण कशाला दिलंय माउसला?

पाटीकोरी

ठीक आहे. दहाचा आकडा इतक्या लोकांना झोंबला असेल तर बारा करतो. कामासाठी उघडलेले टॅब काम संपेपर्यंत ठेवा, हेही लेखात घालतो. तसं मला वाटलं होतं की मोठ्या माणसांना एवढं सांगावं लागणार नाही. रोज रात्री बंद करायचं मात्र मी सोडणार नाही, आणि सकाळी मला आजवर काही अडलेलं नाही.

उघडझाप

मोठ्या मनाने दोन टॅब वाढवून दिल्याबद्दल आभारी आहे.

माझ्याकडूनही घ्या: कंट्रोल-शिफ्ट-ए दाबून क्रोममध्ये टॅबांची यादी काढली. तुमच्या सहकाऱ्यासारखंच एक पान तीनदा निघालं. दोन बंद केले. प्रिंटरचे चारही तिथेच आहेत आणि राहतील.

हलवाहलव

गोगलगाय ताई, कडू बोललो असेन तर सोडून द्या. पण प्रोफाइल वेगळी केल्यावर रॅम तेवढीच राहते, हे लक्षात असू द्या.

गोगलगाय

सोडलं. अर्धं.

विंडोजमध्ये वेगळा यूजर केला. घरात दोन दिवस 'आता माझ्यावर विश्वास नाही का' चाललंय. चालू दे. अर्ज पुन्हा सगळा भरला, या वेळी जागेवरून न उठता. तर आता फोटो ५० केबीच्या वर आहे म्हणून घेत नाही. फोनमधला फोटो तीन एमबीचा आहे. कोणाला माहीत आहे का, लवकर सांगा, सेशन संपेल असं वर लाल अक्षरात येतंय.

हलवाहलव

पेंटमध्ये उघडा. आधी फक्त चेहरा येईल एवढा क्रॉप करा. मग रिसाइझ, तिथे पिक्सेल निवडा, रुंदी २०० टाका, उंची आपोआप येईल. सेव्ह ॲज करून जेपेग. सहीची फाइल वेगळी मागितली असेल तर तिलाही हेच, ती बहुतेक याहून लहान मागतात. सबमिट झालं की पावतीच्या पानावर कंट्रोल-पी करून पीडीएफ ठेवा. ते पान नंतर उघडेलच असं नाही.